जिवाणू खत लावलं, फरक दिसला नाही: निवड, बीजप्रक्रिया आणि तपासणी

प्रश्न असा आहे: मध्यम काळी, थोडी चुनखडीची जमीन. खरिपात दोन एकर सोयाबीन, त्यात तुरीची तासं, रब्बीत त्याच रानात हरभरा. शिवाय एक एकर ऊस. सोयाबीन बारा वर्षांपासून घेतलं जातं. दोन हंगाम दुकानदाराने दिलेली जिवाणू खतं वापरली, फरक काही दिसला नाही. कोणतं घ्यावं, किती घ्यावं, आणि बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असेल तर चालतं का?

आधी त्या ‘फरक दिसला नाही’बद्दल. एवढ्यावरून पाकीट खोटं होतं असं धरू नका. बारा वर्षं सोयाबीन झालेल्या रानात त्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू आधीच वस्तीला असतात. वरून आणखी सोडले की गाठी थोड्या वाढतात, कधी वाढतही नाहीत, आणि बांधावरून बघून ते कळत नाही. पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेल्या रानात मात्र लावलेलं आणि न लावलेलं तास पानांच्या रंगावरून वेगळं काढता येतं. तरीही जुन्या रानात लावायचं सोडू नका. कडक उन्हाळा आणि साचलेलं पाणी यांत जमिनीतली संख्या घटते, आणि जुने जिवाणू सगळेच कामसू असतात असं नाही. गाठ करून बसतात, पण नत्र फारसं देत नाहीत, असे भाडेकरूही त्यांच्यात असतात.

पण त्याहून नेहमीचं कारण वेगळंच असतं. ‘खत’ या नावानेच घोटाळा केला आहे. युरियाचं पोतं उन्हात राहिलं तरी आतला युरिया मरत नाही. पाकिटातले जिवाणू मरतात, आणि मेलेलं पाकीट दिसायला जिवंत पाकिटासारखंच असतं. ही वस्तू बियाण्यासारखी वागवा: पिकाप्रमाणे जात बघून घ्यायची, तारीख बघून घ्यायची, सावलीत ठेवायची, ओलीवर पेरायची.

जात बघायची म्हणजे काय, ते रायझोबियममध्ये, म्हणजे या गाठी करणाऱ्या जिवाणूंत, सगळ्यात जास्त महत्त्वाचं. सोयाबीनला लागतो ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम. हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा एक गट, त्याला चवळी गट म्हणतात. वाटाणा-मसूर यांचा वेगळा, मेथी-लसूणघासाचा वेगळा. हरभऱ्याचा जिवाणू तर या बाबतीत भलताच सोवळा आहे, दुसऱ्या पिकाचा त्याच्या मुळावर चालत नाही. जूनमध्ये उरलेलं सोयाबीनचं पाकीट ऑक्टोबरात हरभऱ्याला लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती दुहेरी आहे: जातही चुकीची, आणि चार महिने फुटलेल्या पाकिटात जिवंत काय उरणार तोही प्रश्नच. पाकिटावर नुसतं ‘रायझोबियम’ लिहिलेलं असेल आणि पीक लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

‘एनपीके’ (नत्र, स्फुरद, पालाश) नावाच्या एकत्रित बाटल्या सध्या खूप चालतात. त्यात नत्राचा जिवाणू कोणता आहे ते मागच्या बाजूला वाचा. तिथे ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम असेल तर ती बाटली कपाशी, ज्वारी, मका, गहू, भाजीपाल्यासाठी ठीक. सोयाबीन-हरभऱ्याला तिच्यातून गाठी मिळणार नाहीत. हे दोन्ही जिवाणू मुळाभोवती राहतात, गाठी करत नाहीत. ॲझोटोबॅक्टरला पोटभर सेंद्रिय पदार्थ लागतो. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थातला कार्बन, माती परीक्षणात कळतो) ०.४ टक्क्याच्या खाली असलेल्या रानात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याला आम्लताही मानवत नाही, त्यामुळे कोकणातल्या जांभ्या जमिनीत तो रुळत नाही.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, पिकाप्रमाणे बदलावे लागत नाहीत. ते सेंद्रिय आम्लं सोडतात आणि चुन्याला बांधला गेलेला स्फुरद मोकळा करतात. हे स्फुरद बाहेरून आणत नाहीत, जमिनीत अडकलेला सोडवतात. वर्षानुवर्षं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं रासायनिक खत, टाकलेल्या तुमच्यासारख्या रानात अडकलेला साठा असतो, तिथे त्यांना काम आहे. मात्र चुनखडी फार असेल तर त्यांचं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. म्हणून तुमच्याकडे पीएसबी नुसती बियाण्याला न लावता शेणखतातून मुळाजवळ दिलेली बरी.

आता दुकानात काय बघायचं. जिवाणू खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असलेच पाहिजेत. पाकिटावर जिवाणूचं नाव, पीक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता असायला हवा. भुकटी साधारण सहा महिने टिकते, द्रव वर्षभर किंवा थोडं जास्त. हे आकडे थंड जागेचे आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात उन्हाच्या बाजूला मांडलेल्या बाटलीला छापील मुदत लागू होत नाही. त्यामुळे दुकानात तारखेआधी माल कुठे ठेवला आहे ते बघा. कीटकनाशकांच्या कपाटात ठेवलेला असेल तर दुसरं दुकान गाठा.

भुकटीचं पाकीट दाबून पाहा. आत ओलसर, हाताला किंचित गोळा होणारी भुकटी हवी. ३० ते ४० टक्के ओल तिच्यात असावी लागते. धुळीसारखी कोरडी उडत असेल तर ती नुसती लिग्नाइटची, म्हणजे जिवाणू ज्यात मिसळतात त्या कोळशाची, पूड समजा. बाटलीच्या तळाला साका बसणं हा दोष नाही, हलवून वापरा. पण बाटली फुगलेली असेल, उघडताच गॅस सुटत असेल किंवा सडका वास येत असेल, तर आत भलतेच जिवाणू वाढले आहेत. रंगावरून काहीच ठरवू नका.

आणखी एक गल्लत. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ल ही जिवाणू खतं नव्हेत. ती २०२१ पासून जैव-उत्तेजक म्हणून वेगळ्या वर्गात आहेत. ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक, त्याची नोंदणी कीटकनाशक कायद्याखाली होते. दुकानदार सगळ्यालाच ‘जैविक’ म्हणतो आणि एकाच पिशवीत घालून देतो. शक्य असेल तर कृषी विद्यापीठाकडून घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक नत्र स्थिरीकरण योजनेत आणि परभणीच्या विद्यापीठात ही जिवाणू खतं तयार होतात. हंगाम तोंडावर आला की तिथे रांग लागते, तेव्हा वेळेत विचारा. कुठूनही घ्या, बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

मात्रेचा हिशेब एकदा स्वतः करून बघा, म्हणजे ती का पाळायची ते कळेल. सोयाबीनच्या एका किलोत साधारण ८,००० दाणे. द्रव रायझोबियम किलोला १० मिली लावलं, आणि मिलीत १० कोटी जिवाणू असले, तर किलोमागे १०० कोटी, म्हणजे दाण्यामागे सव्वा लाख. भुकटीचा हिशेबही तिथेच येतो: १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट, म्हणजे किलोला २५ ग्रॅम, दाण्यामागे दीड लाख. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला लाखाच्या आसपास जिवाणू लागतात. म्हणजे शिफारशीत शिल्लक फारशी नाहीच. बाटली तापून शंभरातला एकच जिवंत राहिला असेल तर दाण्यावर हजार-बाराशे पडतात, आणि मातीतले जुने त्यांना गाठीजवळ फिरकू देत नाहीत. पाकीट ‘पुरवून’ तीस किलोला एकच वापरणाऱ्यांच्या दाण्यावरही लाखाऐवजी जेमतेम पन्नास हजार पडतात.

सोयाबीनची बीजप्रक्रिया सगळ्यात नाजूक, कारण टरफल पातळ. जास्त पाणी झालं की दाणा फुगतो, साल सुटते, आणि घोळता घोळता डाळ होते. एकरी ३० किलो बियाण्याला द्रव रायझोबियम ३०० मिली पुरतं. रायझोबियम आणि पीएसबी एकत्र असलेलं द्रव मिळालं तर उत्तम, दोन वेळा ओलावावं लागत नाही. द्रवात आणखी पाणी घालू नका. बियाणं ताडपत्रीवर पसरा, बाटली हलवून थोडं थोडं शिंपडा, हातमोजे घालून तळहातांनी खालून वर हलक्या हाताने फिरवा. फावडं किंवा ड्रम नको. प्रत्येक दाण्यावर चकाकी आली आणि ताडपत्रीवर थेंब राहिला नाही, म्हणजे प्रमाण बरोबर.

भुकटी वापरायची असेल तर लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून ते पूर्ण थंड करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. कोमट द्रावणात घातलेले जिवाणू तिथेच संपतात. १० किलो सोयाबीनला या द्रावणातलं पाव लिटर घेऊन त्यात २५० ग्रॅम रायझोबियम कालवा. भुकटीचं पीएसबी त्याच दाण्यावर चढवू नका, थर जाड होतो आणि वाळला की खरवडून पडतो. ते शेणखतातून द्या. प्रक्रिया केलेलं बियाणं सावलीत अर्धा ते एक तास पसरा, दाणे एकमेकांना चिकटेनासे झाले की पेरा. ऊन दाखवू नका. जेवढं आज पेरणार तेवढ्यालाच लावा, तीन-चार तासांत मातीआड करा. पाऊस आला आणि पेरणी राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन मात्रा लावावी लागेल.

पेरणी यंत्र वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या: लेप लावलेलं बियाणं चकतीतून जरा हळू पडतं. चार-पाच मीटर चालवून दाणे मोजा आणि मग रान धरा. नाहीतर झाडांची संख्या कमी पडते आणि बोल जिवाणूंना लागतो.

धूळपेरणीत हे सगळं वाया जातं. कोरड्या तापलेल्या मातीत पावसाची वाट बघत जिवाणू टिकत नाहीत. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, वाफशावर पेरा. आणि डीएपी बियाण्यात मिसळून एकाच चाड्यातून सोडण्याची पद्धत बंद करा. खताच्या खड्याला चिकटलेल्या दाण्यावरचा जिवाणू क्षारानेच मरतो. दोन चाड्यांची तिफण किंवा यंत्र घ्या, खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला पडू द्या.

आता बुरशीनाशकाचा प्रश्न. चालतं, पण क्रम चुकवायचा नाही: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी जिवाणू, लगेच पेरणी. तिन्ही एकत्र कालवून लावलं की औषधाच्या दाट द्रावणात जिवाणू बुडतात. औषधांतही फरक आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि प्रतिजैविक, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोसायक्लीन, ही थेट जिवाणूंवरच उठतात. ती असतील तर बीजप्रक्रियेत जिवाणू लावूच नका. थायरमचाही त्यांना त्रास होतो. कार्बेन्डाझिम त्या मानाने सौम्य. रंगीत, कंपनीने प्रक्रिया केलेलं बियाणं असेल तर त्याच्या पिशवीवर औषध काय आहे ते वाचा. थायरमयुक्त असेल तर जिवाणूंची मात्रा दीडपट ते दुप्पट करा, किंवा सरळ जमिनीतून द्या. ट्रायकोडर्माचं उलटं आहे. ती स्वतः बुरशी, म्हणून कार्बेन्डाझिमने तीच मरते. दोन्ही एकाच बियाण्याला लावणं म्हणजे पैसे दोनदा फेकणं.

हरभऱ्याला म्हणून रासायनिक बुरशीनाशकापेक्षा ट्रायकोडर्मा सोयीची. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, तिच्यावर हरभऱ्याचं रायझोबियम आणि पीएसबी. मर रोगाचा बंदोबस्तही होतो आणि कुणी कुणाला मारत नाही. मध्यम दाण्याच्या हरभऱ्याला एकरी ३० किलो बियाणं धरलं तर मात्रा सोयाबीनएवढीच. काबुलीला बियाणं जास्त लागतं, त्या प्रमाणात वाढवा. तुरीचं बियाणं एकरी पाच-सहा किलोच, आंतरपिकात त्याहून कमी, त्यामुळे अर्धं पाकीट पुरे. पण ते चवळी गटाचं हवं. सोयाबीनला लावून उरलेल्या द्रवात तूर घोळवून घेऊ नका.

उसाचा मामला वेगळा. त्याचा जिवाणू ॲसिटोबॅक्टर, ब्राझीलमध्ये १९८८ साली उसातच सापडलेला. तो उसाच्या पेशींत, साखरेत राहतो आणि आतूनच नत्र देतो. म्हणून त्याला जमिनीत ओतण्यापेक्षा बेण्यातून आत घालणं फायद्याचं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची शिफारस हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, १०० लिटर पाण्यात. एकराला ४ किलो आणि ५०० ग्रॅम, ४० लिटर पाण्यात. आधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम या प्रमाणात द्रावण करून टिपऱ्या १० मिनिटं बुडवा, सावलीत निथळू द्या, मग जिवाणूच्या द्रावणात ३० मिनिटं. दोन्ही पिंपं वेगळी हवीत, आणि क्रम उलटा नको. जिवाणू कापलेल्या तोंडातून आत शिरतात. म्हणून बेणं आदल्या दिवशी तोडून, टोकं वाळवून ठेवलं तर बुडवण्याचा उपयोग निम्माही राहत नाही. तोडा, बुडवा, लावा.

जमिनीतून द्यायचं तर एकरी दोन किलो भुकटी किंवा लिटरभर द्रव, १०० ते २०० किलो पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळा. ओल मुठीत धरून लाडू वळेल एवढी. गरम, अर्धकच्चं शेणखत चालत नाही. सावलीत रात्रभर झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरीत किंवा ओळीत टाका आणि मातीआड करा. वर उघडं टाकून ऊन खाऊ देण्यात अर्थ नाही. ठिबकमधून देताना आधी अर्धा तास नुसतं पाणी, मग गाळलेलं जिवाणू द्रावण, मग दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी. नळ्या आम्लाने किंवा क्लोरीनने धुतल्या असतील तर आणि विद्राव्य खत सोडलं असेल तर मधे तीन-चार दिवस जाऊ द्या.

बाटली आणायची एक आणि २०० लिटरच्या पिंपात गूळ-बेसन घालून ती ‘वाढवायची’, हे सध्या फार चाललंय. रायझोबियमच्या बाबतीत तरी करू नका. सोयाबीनचा जिवाणू अतिशय संथ वाढतो, प्रयोगशाळेत निर्जंतुक माध्यमावरही त्याला आठवडा लागतो. उघड्या पिंपात हवेतले, पाण्यातले, गुळातले जिवाणू एका दिवसात त्याच्या पुढे निघून जातात. चौथ्या दिवशी पिंपात फेस असतो, वास असतो, फक्त तो नसतो.

आता तपासणी. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी रानातल्या पाच-सहा ठिकाणची झाडं काढा. उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि ‘गाठीच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढून बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा आणि मुळं हलकेच धुवा. गाठी कुठे आहेत ते बघा. मुख्य मुळाच्या वरच्या भागात, दाणा पडला होता त्याच्या आसपास घोसाने असतील तर त्या बहुधा तुमच्या बीजप्रक्रियेच्या. लांबवर बारीक फाट्यांवर विखुरलेल्या असतील तर जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या. झाडाला आठ-दहा टपोऱ्या गाठी असल्या तरी पुरे. मग गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र स्थिर होतंय. पांढरी, हिरवट किंवा राखाडी असेल तर गाठ निकामी किंवा संपलेली. बोटाने चोळल्यावर गाठ सहज सुटते. सुटत नसेल आणि मूळच फुगलेलं दिसत असेल तर ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याची, गाठ आहे, तिचं कौतुक करू नका.

गाठी गुलाबी आहेत आणि तरी वरची कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात ती नेहमीची आहे. तिथे युरिया टाकू नका. त्याने पिवळेपणा जात नाही आणि गाठींचं काम मात्र थांबतं, कारण आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना पोसायचं बंद करतं. पेरणीचं थोडं नत्र तेवढं द्या, पंचवीस दिवसांनी युरियाचा हात फिरवू नका.

रासायनिक खत किती कमी करायचं? उसाला ॲसिटोबॅक्टरबरोबर ५० टक्के नत्र आणि २५ टक्के स्फुरद वाचतं असं शिफारस सांगते. ॲझोटोबॅक्टरच्या पाकिटांवर २० ते २५ टक्के लिहिलेलं असतं. पहिल्याच वर्षी सगळ्या रानावर एवढी कपात करणं धाडसाचं आहे. सेंद्रिय कर्ब कमी असेल तर नक्कीच नको. उसाच्या चार सऱ्यांना पाऊण नत्र द्या, तोडणीला वजन करा, मग ठरवा. दुसऱ्या बाजूने, जिवाणू लावून वर पूर्वीइतकंच भरमसाट नत्र देत राहिलात तर उसातली त्यांची संख्या घटते.

सोयाबीन-हरभऱ्यात खरा फरक बघायचा असेल तर सहा तासं बिनप्रक्रियेची सोडा. ती पहिल्यांदा पेरा, नंतर लावलेलं बियाणं भरा. उलटं केलंत तर चाड्याला आणि नळ्यांना चिकटलेले जिवाणू त्या सहा तासांतही उतरतात आणि पुन्हा फरक दिसत नाही. तासांच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, चाळिसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच झाडं धुवून गाठी मोजा, आणि मळणीला त्या सहा तासांचं आणि शेजारच्या सहा तासांचं वजन वेगळं करा.